ऑफ तास

अण्णा पिट्सबर्गला आले तेव्हा २००८चा नोव्हेंबर संपत आला होता. खरं तर आली होती आई, सुनेच्या बाळंतपणासाठी, अण्णा सोबतीला. आईला पहिल्या दिवसापासून उसंत नव्हती आणि अण्णांना दुसऱ्या दिवसापासून काम नव्हतं. बाहेर बर्फ. बूट, कोट, कानटोपी चढवण्यात पाव तास जायचा आणि बाहेर पडावं तर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. सकाळचा चहा झाला की ते खिडकीशी बसून समोरच्या घराच्या ओसरीवर लटकणारं पिवळं फडकं बघत राहायचे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "हे लोक पंचा बाहेर का वाळत घालतात रे? या हवेत तो वाळणार कधी?"

तो पंचा म्हणजे 'टेरिबल टॉवेल'. पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकी फुटबॉलच्या संघाचं निशाण म्हणा, अंगारा म्हणा. या गावात पोलादाचे कारखाने गेले, माणसं गेली, पण रविवारी हा पिवळा पंचा हवेत फिरवायची रीत गेली नाही. सामना चालू असताना सुपरमार्केटात जावं, सगळं दुकान आपलंच.

अण्णांना मी सामना बघायला बसवलं तो केवळ दया येऊन. त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली आणि शाळेचा कबड्डीचा संघ सांभाळला. त्यामुळे खेळ त्यांना परका नव्हता. पण हा खेळ म्हणजे चार सेकंद मारामारी आणि चाळीस सेकंद सभा. "यांची मीटिंग संपली की मला हाक मार," असं म्हणून ते एकदा उठूनही गेले. मग एका रविवारी कॅमेरा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यावर थांबला. पांढरे केस, सडपातळ बांधा, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. आजूबाजूला दीडशे-दीडशे किलोचे गडी आणि मधोमध हा, देवळाच्या पायरीवर उभा असल्यासारखा.

"हेडमास्तर का हे?"

"नाही अण्णा. हेडमास्तर तो पलीकडचा, तरुण. माइक टॉमलिन. छत्तीस वर्षांचा आहे."

"आणि हे?"

"डिक लबो. असिस्टंट कोच. बचाव यांच्याकडे असतो. वय एकाहत्तर."

अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणजे उपमुख्याध्यापक," ते म्हणाले, आणि खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढली.

मी हसलो नाही, कारण अण्णा सतरा वर्षं उपमुख्याध्यापक होते आणि त्याच पदावरून निवृत्त झाले.

(पुढे मी लबोला अरेतुरे करणार आहे. अण्णा त्याला शेवटपर्यंत 'ते' म्हणत. खेळाडूला मराठीत आपण एकेरीतच बोलावतो आणि हा गृहस्थ मुळात खेळाडू.)

ओहायो राज्यातल्या लंडन नावाच्या लहानशा गावात १९३७ साली त्याचा जन्म झाला. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून तो खेळला, तेही वुडी हेजसारख्या कडक कोचच्या हाताखाली. १९५९मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सनं त्याला निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच काढूनही टाकलं. मग डेट्रॉइट लायन्सनं उचललं. तिथे तो चौदा हंगाम खेळला, कॉर्नरबॅक म्हणून. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा सगळ्यात वेगवान गडी ज्याच्या अंगावर सोडलेला असतो तो. या जागेवर सलग १७१ सामने आणि ६२ वेळा प्रतिस्पर्ध्याचा पास मधल्या मध्ये झेललेला. मध्यंतरी एका युद्धपटात मायकेल केनच्या जागी उभं राहायचं कामही त्यानं केलं होतं. दिवे नि कॅमेरे नीट लागेपर्यंत नटाच्या जागेवर कुणीतरी उभं राहावं लागतं, तो माणूस. चित्रीकरण सुरू झालं की यानं बाजूला व्हायचं. मी गोष्ट रचत असतो तर हा तपशील घालायला धजावलो नसतो.

१९७२ साली खेळणं थांबलं. पुढच्या वर्षापासून असिस्टंट कोच: फिलाडेल्फिया, मग ग्रीन बे, मग सिनसिनाटी, पिट्सबर्ग, पुन्हा सिनसिनाटी, बफेलो, पुन्हा पिट्सबर्ग. ही यादी वाचून अण्णा म्हणाले, "बदलीची नोकरी." नेमकं तेच. प्रत्येक संघात एक हेड कोच आणि त्याच्या हाताखाली पंधरा-वीस असिस्टंट. एक फक्त धावणाऱ्यांचा, एक फक्त अडवणाऱ्यांचा, एक चेंडूला लाथ मारणाऱ्यांचा. त्यांच्यावर दोघे मोठे, एक चढाईचा आणि एक बचावाचा. हेड कोचला काढलं की बहुतेक वेळा सगळी पलटण सामान बांधते. साखळी सामने संपले की दुसऱ्या दिवशीच्या सोमवारी लीगभर असे बरेच हेड कोच घरी जातात. त्या दिवसाला इथे 'काळा सोमवार'च म्हणतात. टीव्हीवर फोटो हेड कोचचा दाखवतात. ज्यांच्या पोरांना वर्षाच्या मध्येच शाळा बदलावी लागते, ते त्या फोटोत नसतात.

आता त्याच्या कामाकडे. हे थोडं किचकट आहे, पण अण्णांना समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकतो आणि फेकायला माणूस शोधतो. बचावाचे अकरा. साधारण चार त्याच्यावर तुटून पडतात, सात जण मागे राखण करतात. त्याची जास्तच भंबेरी उडवायची असेल तर सहा-सात जण सोडायचे; याचं नाव ब्लिट्झ. पण मग मागे भगदाड पडतं. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्शनं याच भगदाडावर संसार थाटला. आखूड, झटपट पास. जिथला राखणदार उठून धावला, चेंडू नेमका तिथेच. लबो तेव्हा सिनसिनाटीत होता. दडपण तर आणायचं, पण घर उघडं टाकायचं नाही, हे कसं जमवायचं? बिल आर्न्सपार्जर नावाच्या जुन्या जाणत्या कोचनं मायामीत असताना या वाटेवर काही प्रयोग केले होते. लबो त्याला भेटायला लुइझियानापर्यंत गेला.

आणि मग जे निघालं त्याला 'झोन ब्लिट्झ' म्हणतात. डावीकडून ज्याची अपेक्षा नाही असा एखादा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी, सुसाट येतो. त्याच क्षणी उजवीकडचा सव्वाशे किलोचा धटिंगण, ज्याला उभ्या जन्मात पुढे घुसण्याखेरीज दुसरं काही सांगितलेलं नाही, तो उलट्या पावली मागे जाऊन मोकळ्या जागेत उभा राहतो. आले चार किंवा पाचच. पण कुठले पाच, हे उमगायला जो वेळ लागतो तो क्वार्टरबॅककडे नसतो. तो सवयीनं मोकळ्या जागेकडे चेंडू फेकतो, आणि तिथे हा डोंगर.

मी हे सगळं बशा, वाट्या मांडून समजावत होतो. अण्णांनी विजेच्या बिलाचं पाकीट घेतलं, उलटं केलं आणि पेन्सिलीनं रकाने आखले. त्यांना पाहिलं की हे कळतं: हा माणूस विचार रकान्यांतच करतो. दर जूनमध्ये घरातल्या पलंगावर ड्रॉइंगपेपर पसरून ते शाळेचं वेळापत्रक बनवायचे. चाळीसच्या वर शिक्षक, सत्तावीस तुकड्या, तांबडी-निळी-हिरवी पेन्सिल. आम्हाला त्या खोलीत पंखा लावायची परवानगी नसायची.

"हे ऑफ तास लावणंच झालं की रे," ते म्हणाले. "गणिताचे मास्तर रजेवर. वर्ग मोकळा सोडला तर पोरं कौलं काढतील. मग तिथे पीटीच्या मास्तरला धाडायचा. त्याला गणित येत नाही. न येऊ दे. दारात उभा राहिला तरी पुरे."

मी त्या खेळावर बरंच वाचलं आहे. झोन ब्लिट्झचं याहून नेमकं वर्णन माझ्या वाचनात नाही.

"पण खरी अडचण निराळीच असते," अण्णा पाकिटाकडे बघत म्हणाले. "पीटीच्या मास्तरला राजी कसं करायचं? तो म्हणतो, हे माझं काम नाही."

याचं उत्तर लबोच्या खेळाडूंकडे होतं. ते त्याला 'कोच डॅड' म्हणत. तो ओरडत नसे. दर नाताळाच्या आधी तो सगळ्या संघाला एक जुनी, इथल्या पोराबाळांना ठाऊक असलेली नाताळची कविता तोंडपाठ म्हणून दाखवायचा आणि करोडोंचे करार खिशात असलेले ते बाप्ये मुकाट बसून ऐकायचे. २००७ साली कँटनमधल्या एका सामन्याला जाताना त्यांनी काय करावं? कँटन म्हणजे या खेळाचं पंढरपूर, 'हॉल ऑफ फेम' तिथे आहे आणि लबोला तोवर आत घेतलेलं नव्हतं. तर सगळे जण त्याची डेट्रॉइटची जुनी ४४ नंबरची जर्सी घालून गेले. अशा माणसानं 'आज तू मागे उभा राहा' म्हटलं की सव्वाशे किलोचा गडी मागे उभा राहत असणार.

तरी नशीब म्हणून काही असतंच. १९८९च्या जानेवारीतला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. सिनसिनाटीचा बचाव लबोचा, समोर तोच सॅन फ्रान्सिस्को. चौथ्या डावात लुइस बिलप्स या त्याच्या कॉर्नरबॅकच्या हातात शत्रूचा पास अलगद आला होता, तोही गोलक्षेत्रात. निसटला. ज्या कामात लबोनं ६२ वेळा यश मिळवलं होतं, तेच काम. पुढच्याच चालीत बरोबरी. तरीही शेवटची तीन मिनिटं वीस सेकंद उरली तेव्हा सिनसिनाटी १६-१३ पुढे होतं. मग जो मोंटाना आपल्याच टोकापासून ९२ यार्ड चालत आला आणि ३४ सेकंद बाकी असताना टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार. २०-१६. त्या रात्री लबो एक्कावन्न वर्षांचा होता आणि सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळते ती अंगठी त्याच्या बोटात एकही नव्हती.

जानेवारीत आम्ही मनरोव्हिलला वाणसामान आणायला गेलो होतो. परतताना गाडीत अण्णांनी मला जरा जास्तच सहज आवाजात विचारलं, "त्यांना कधी हेडमास्तर केलं नाही का?"

केलं होतं. २००० साली सिनसिनाटी पहिले तीन सामने हरली, हेड कोच ब्रूस कॉस्लेटनं राजीनामा दिला आणि खुर्ची लबोकडे आली. त्रेसष्टाव्या वर्षी, लीगमध्ये एक्केचाळीस वर्षं काढल्यावर. त्या हंगामात उरलेल्यांपैकी चार जिंकले, नऊ हरले. पुढच्या वर्षी सहा-दहा. त्याच्या पुढच्या वर्षी दोन-चौदा. एकूण बारा विजय, तेहतीस पराभव, आणि नारळ. त्यात एक कौटुंबिक गंमतही आहे. १९५९मध्ये क्लीव्हलंडमधून त्याला काढलं ते पॉल ब्राउननं. सिनसिनाटीचा संघ पुढे त्याच पॉल ब्राउननं उभा केला आणि २००२मध्ये मालक होता त्याचा मुलगा माइक. बापानं खेळाडू म्हणून घालवलं, लेकानं हेड कोच म्हणून.

मी लगेच पुस्तीही जोडली: १९९१ ते २००४ या चौदा हंगामांत सिनसिनाटीला एकदाही हारींपेक्षा जास्त जिती मिळाल्या नव्हत्या, दोष एकट्या लबोचा कसा म्हणणार. मी वकिली का करतोय हे मला बोलता बोलताच कळलं.

मी नववीत असताना आमच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. संस्थेत दोन गट, नव्या नेमणुकीवर एकमत होईना, म्हणून अण्णांना 'प्रभारी' केलं. ते प्रभारीपण चौदा महिने चाललं. त्या चौदा महिन्यांत वेळापत्रक दुसऱ्या कुणीतरी बनवलं आणि ते चुकलं. एका तासाला एकच बाई दोन वर्गांवर. अण्णांचे दिवस मात्र इमारतीच्या निविदा, पगारबिलं आणि दोन्ही गटांच्या चहापानात जात. कुणाला नाही म्हणणं त्यांना येत नसे. भूमितीचे तास सुटले. दहावीचा निकाल घसरला. गावात चौकाचौकात लोक बोलत आणि मी दहावीच्याच वर्गात होतो. मग बाहेरून नवे मुख्याध्यापक आले. अण्णा एका सोमवारी शेजारच्या खोलीतल्या आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की ड्रॉअरची किल्ली सापडत नाहीये. मला त्यांचा तेव्हा राग आला होता. राजीनामा द्यायला हवा होता, निदान दुसऱ्या शाळेत जायला हवं होतं, असं मला वाटायचं. पंधरा वर्षांच्या मुलाला बापाचं खाली उतरणं फार दिसतं.

गाडीत बराच वेळ फक्त वायपरचा आवाज होता.

"मग? काढल्यावर?"

"पुढच्याच वर्षी बफेलोत असिस्टंट. त्याच्या पुढच्या वर्षी इथे, पिट्सबर्गला, परत बचावाचा कोच. त्या हंगामात हे सोळापैकी पंधरा सामने जिंकले."

"पहिल्याच वर्षी?"

"पहिल्याच वर्षी."

"आणि हा नवा पोरगा आला, टॉमलिन, त्यानं ठेवलं त्यांना?"

ठेवलं. ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. टॉमलिन २००७मध्ये आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. लबोनं खेळणं सोडलं त्या १९७२ सालचा त्याचा जन्म. तो स्वतः बचावातला जाणकार, त्याची पद्धत लबोहून वेगळी. नवा साहेब आल्यावर पहिल्या दिवशी कपाटं हलवतो, असा आपला अनुभव. यानं लबोचं कपाट जागच्या जागी ठेवलं. श्रेय टॉमलिनचं आहेच. पण आपल्या मुलाच्या वयाच्या साहेबाला रोज सकाळी 'कोच' म्हणून हाक मारणाराही तसाच असावा लागतो.

अण्णा यावर काही बोलले नाहीत. घराशी गाडी लावताना म्हणाले, "बफेलोला थंडी याहून जास्त असेल."

१ फेब्रुवारी २००९. टॅम्पातला सुपर बोल, समोर अ‍ॅरिझोना. त्यांचा हेड कोच केन व्हिझनहंट दोनच वर्षांपूर्वीपर्यंत पिट्सबर्गचा चढाईचा कोच होता, लबोच्या शेजारच्या खोलीतला. टॉमलिनला जी खुर्ची मिळाली ती त्यालाही हवी होती. म्हणजे अण्णांच्या भाषेत, डावललेला पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचा हेडमास्तर होऊन आला होता. आईनं भडंग केलं होतं. अडीच महिन्यांची पोर अण्णांच्या मांडीवर.

पहिला अर्धा संपायला अठरा सेकंद. पिट्सबर्ग १०-७ पुढे, पण अ‍ॅरिझोना गोलरेषेपासून एका यार्डावर. आता टचडाउन होणार हे सगळ्या अमेरिकेला ठाऊक. लबोनं झाडून सगळे सोडायची चाल दिली. कर्ट वॉर्नरनं चेंडू घेतला, उजव्या... नाही, डाव्या हाताच्या गर्दीत झटकन फेकला, आणि तो चेंडू पिट्सबर्गच्या पांढऱ्या जर्सीतल्या ९२ नंबरच्या छातीवर. जेम्स हॅरिसन. कुणी निवडलं नव्हतं असा, बऱ्याचदा काढून टाकलेला, ठेंगणा लाइनबॅकर. आणि तो धावत सुटला. शंभर यार्ड. कडेकडेनं, लोकांच्या अंगावरून, वेळ संपून गेली तरी धावतच, आणि पलीकडच्या गोलरेषेवर दोघांना घेऊन कोसळला. १७-७. मी ओरडलो, पोर दचकून रडायला लागली, आई आतून धावत आली. अण्णा तिला थोपटत टीव्हीकडे बघत होते. तो म्हातारा कॅमेऱ्यात दिसतो का, हे शोधत असावेत.

पुढे सामना हातचा गेला होता आणि परत आला. २७-२३. लबोची ही दुसरी अंगठी. पहिली २००६ची, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तीही डेट्रॉइटमध्ये, ज्या गावात चौदा हंगाम खेळून काहीही हाती लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचून दाखवत होतो. हॅरिसननं सांगितलं होतं, की त्या चालीत त्याला धावून जायचं होतं. सगळ्यांनीच जायचं होतं. त्यानं जाण्याचा आव आणला, वॉर्नर पटकन फेकणार असं त्याला वाटलं, आणि तो आपल्या मनानं मागे सरकून मोकळ्या जागेत उभा राहिला.

"म्हणजे सांगितलेलं ऐकलं नाही त्यानं," मी म्हणालो. "प्लॅन लबोचा नव्हताच."

अण्णांनी माझ्याकडे भूमितीच्या तासाला बघायचे तसं बघितलं. "पंचवीस वर्षं हे गृहस्थ दुसरं काय शिकवतायत? येतोय असं दाखवायचं आणि मागे सरायचं. पीटीच्या मास्तरनं रिकामा वर्ग बघितला आणि न सांगता जाऊन बसला. वेळापत्रक करणाऱ्याला याहून काय पाहिजे?"

मे महिन्यात ते दोघं परत गेले. २०१०च्या ऑगस्टमध्ये लबोला कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. खेळणं सोडल्याला अडतीस वर्षं झाली होती. टॉमलिननं सरावाच्या ऐन दिवसांत सगळा संघ तिथे नेला. मी रात्री गावी फोन लावला.

"कशाबद्दल घेतलं?" अण्णांनी विचारलं.

"खेळाडू म्हणून. त्या बासष्ट कॅचबद्दल."

"आणि हे दुसरं?"

"असिस्टंट कोचसाठी तिथे रकाना नाहीये, अण्णा."

पलीकडून ते हसले. मग म्हणाले, की जूनमध्ये शाळेतून माणूस आला होता. नव्या सॉफ्टवेअरमध्ये वेळापत्रक बसत नव्हतं, म्हणून तीन दिवस जाऊन बसले होते.

"बसलं?"

"बसलं. तांबडी पेन्सिल मात्र यांच्याकडे नव्हती. घरून न्यावी लागली."

२०१५च्या जानेवारीत लबोनं पिट्सबर्ग सोडलं. वय सत्त्याहत्तर. मी अण्णांना कळवलं, तेव्हा ते म्हणाले की बरं झालं, आता विश्रांती घेतील. महिन्याभरात बातमी आली: टेनेसी. तिथला हेड कोच, केन व्हिझनहंट. मी पुन्हा फोन लावला.

"कुठलं पद?"

"असिस्टंट."

"हां," अण्णा म्हणाले, आणि तिथे थंडी किती असते ते विचारलं.